हंगेरियन म्हणजे नक्की कोणतं हंगेरियन? ब्राम्स ते बार्टोक, साध्या भाषेत

माझा मावसभाऊ बुडापेस्टला आयटीत आहे. मागच्या आठवड्यात ऑफिसातल्या कुणीतरी त्याला एका कॉन्सर्टचं तिकीट दिलं, आणि त्याने कार्यक्रमपत्रिकेचा फोटो काढून मला व्हॉट्सअॅपवर टाकला. खाली लिहिलेलं, "दादा, हंगेरियन लोकसंगीतावरचा कार्यक्रम म्हणतायत, पण यातला एक जण जर्मन आहे, एका तुकड्याचं नाव रोमेनियन आहे आणि तिसऱ्यातलं गाव मॅपवर स्लोवाकियात दाखवतंय. यात हंगेरियन काय आहे?"

पत्रिकेत होतं ते असं: ब्राम्सचा हंगेरियन डान्स नंबर ५, लिस्टची हंगेरियन ऱ्हॅप्सोडी नंबर २, बार्टोकचे 'रोमेनियन लोकनृत्य', कोदायचे 'गालांताचे नाच', आणि मध्यंतरानंतर बार्टोकचाच 'कॉन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा'. (कोडाली वाचू नका, कोदाय. आणि तिकडे आडनाव आधी लावतात, बार्टोक बेला, कोदाय झोल्तान, आपल्या सरकारी फॉर्मसारखं.)

त्याला व्हॉइस नोट पाठवायला बसलो तर ती अकरा मिनिटांची झाली, मग म्हटलं लिहूनच काढू.

आधी ऑर्केस्ट्राचं बघू

आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीतला स्टेज, सुमधुर हिंदी-मराठी गीतांचा नजराणा, आणि एक माणूस किशोर आणि रफी दोन्ही आवाजात गाणारा. इथे तसं नाही. इथे पन्नास ते शंभर वादक बसलेले असतात, निम्म्याहून जास्त व्हायोलिनच्या कुळातले, मग बासरी-क्लॅरिनेट वगैरे फुंकायची वाद्यं, पितळी वाद्यं, मागे ढोल. गायक नसतो. प्रत्येकासमोर कागद असतो आणि त्यावर कुणी कधी काय वाजवायचं ते सगळं आधीच लिहिलेलं असतं, जागेवर सुचलं म्हणून काही वाजवायचं नाही.

आता गंमत बघा, लोकसंगीत याच्या बरोब्बर उलट असतं. ते लिहिलेलं नसतं, एकटा माणूस गातो, साथ असलीच तर जुजबी, आणि आज गायलं तसंच उद्या गाईल याची गॅरंटी नाही. म्हणजे शेतावर म्हटलेलं गाणं ऐंशी जणांच्या कागदावर उतरवायचं, आणि तरी त्यातला मातीचा वास टिकवायचा. कार्यक्रमात हे जे चार-पाच तुकडे आहेत ती या एका अडचणीतून काढलेली वेगवेगळी वाट आहे असं समजून ऐकलं की बरंच सोपं जातं.

एकाच कार्यक्रमात दोन हंगेऱ्या

खरी मेख इथे आहे. समजा उद्या परदेशातून एखादा संगीतकार मुंबईत आला, सिनेमातली ढोलकी आणि खणखणीत कोरस असलेली लावणी त्याने ऐकली, आणि परत जाऊन 'महाराष्ट्राची लोकगीतं' म्हणून काहीतरी रचलं. वाईट रचेल असं नाही, कदाचित झकास रचेल. पण पहाटे जात्यावर बसून एखादी आजी ओवी म्हणते ती त्याच्या कानावर पडलीच नाही. ब्राम्स आणि लिस्टचं जवळपास असंच झालं. त्यांनी ऐकलेली हंगेरी शहरातली, कॅफे-हॉटेलातली. बार्टोक आणि कोदाय गेले जात्याकडे.

हॉटेलातली हंगेरी

अठराव्या शतकात तिकडे सैन्यभरतीसाठी गावोगाव नाच करायचे, वाजवणारे बहुतेक रोमा लोक (ज्यांना सरसकट जिप्सी म्हणतात, हा शब्द त्यातल्या बऱ्याच जणांना आवडत नाही म्हणून मी रोमाच लिहिणार). शिपाई थाटात नाचणार, तरुण पोरं भुलून सैन्यात जाणार. या नाचाला वेरबुंकोश म्हणतात, भरतीसाठीच्या जर्मन शब्दावरून आलेलं नाव. त्यातूनच पुढे एकोणिसाव्या शतकात चार्दाश आला, चार्दा म्हणजे रस्त्यावरची खाणावळ, तिथला नाच. आधी संथ, ठसक्यात, खांदे पाडून, मग वेग वाढत वाढत शेवटी धुमाकूळ. संथ भागाला लाश्शू आणि जलद भागाला फ्रिश म्हणतात, पण तुम्ही विलंबित आणि द्रुत म्हणा, काम भागतं.

लिस्टच्या ऱ्हॅप्सोडी नंबर २ मध्ये हाच सांगाडा आहे. ही तुम्ही ऐकलेली आहे. टॉम मांजर कोट घालून पियानो वाजवतो आणि जेरी आत तारांवर झोपलेला असतो, ते १९४७ चं ऑस्कर मिळालेलं कार्टून, तेच हे. लिस्टने मुळात पियानोसाठी लिहिलं, ऑर्केस्ट्रासाठी नंतर झालं. लिस्ट जन्माने हंगेरीचा, १८११ चा, पण हंगेरियन भाषा त्याला धड येत नव्हती, वाढला जर्मन आणि फ्रेंचमध्ये. १८५९ मध्ये त्याने एक पुस्तक लिहून सांगितलं की हंगेरीचं संगीत म्हणजे मुळात रोमा लोकांचं संगीत, आणि हंगेरीत लोक भडकले.

आणि ब्राम्स तर हॅम्बर्गचा. विशीत एका हंगेरियन व्हायोलिनवाल्याबरोबर, एडे रेमेन्यी त्याचं नाव, १८५३ मध्ये दौऱ्यावर गेला, तिथे या चाली कानात बसल्या. १८६९ मध्ये त्याने हंगेरियन डान्सेसचे पहिले दहा छापले, एका पियानोवर दोघांनी बसून वाजवायचे, पुढे एकूण एकवीस झाले. त्यातला पाचवा म्हणजे ज्यावर चॅप्लिनने एका सिनेमात गिऱ्हाइकाची दाढी केली होती तो. ब्राम्सला वाटलं ही लोकांची चाल आहे. प्रत्यक्षात ती बेला केलेर नावाच्या माणसाने रचलेली चार्दाश होती, त्याच्या बार्तफा या गावाच्या आठवणीत. बिचाऱ्याचं नाव आज कुणाला माहीत नाही आणि ब्राम्सची चाल रिंगटोनला आहे. ब्राम्सच्या बाजूने एवढं सांगायला हवं की त्याने या नाचांना आपल्या इतर कामांसारखा नंबर दिला नाही, मी फक्त मांडणी केलीय असंच छापलं. म्हणजे चोरी म्हणता येत नाही, गैरसमज म्हणता येतो.

लाल सफरचंद चिखलात पडलं

१९०४ चा उन्हाळा. बार्टोक तेवीस वर्षांचा, पियानो उत्तम वाजवणारा, डोक्यात देशप्रेम भरलेलं. त्याच वर्षी जानेवारीत त्याचं कोशुत या हंगेरियन स्वातंत्र्यनेत्यावरचं मोठं देशभक्तीपर काम बुडापेस्टला वाजलं होतं, आणि त्यात हंगेरियन काय तर तेच वेरबुंकोश वळणाचं, कारण त्याला तरी कुठे दुसरं माहीत होतं. तर उन्हाळ्यात तो उत्तरेकडच्या एका लहान गावात राहायला होता, शेजारच्या खोलीत मुलं सांभाळणारी एक मुलगी गात होती, लिदी दोशा. ट्रान्सिल्व्हेनियाकडची. गाणं काय तर लाल सफरचंद चिखलात पडलं. बार्टोकने ते लिहून घेतलं, मग तिच्याकडून आणखी घेतली, आणि त्याच्या लक्षात आलं की हे आपण आजवर हंगेरियन म्हणून जे ऐकलं त्यातलं नाहीच.

पुढच्या वर्षी त्याची कोदायशी गाठ पडली, कोदाय आधीच खेड्यांत हिंडून गाणी गोळा करत होता. १९०६ मध्ये दोघांनी मिळून वीस गाणी छापली. हिंडायचे कसे, तर एडिसनचा फोनोग्राफ घेऊन. मेणाचं एक नळकांडं, समोर कर्णा, त्यात तोंड घालून गायचं, एका नळकांड्यावर दोन-चार मिनिटं मावायची. बैलगाडीतून हे सगळं न्यायचं. म्हाताऱ्या बायका गायला तयार नसायच्या, एक तर लाज, आणि दुसरं म्हणजे शहरातला साहेब आलाय म्हणून त्या देवाची गाणी नाहीतर शहरी गाणी सुरू करायच्या. बार्टोकने १९०७ च्या एका पत्रात असा एक संवाद लिहिलाय, तो विनवतोय जुनं म्हणा जुनं म्हणा आणि बाई भलतंच म्हणतेय. ज्याने कधी गावात आजीला मोबाईलसमोर ओवी म्हणायला लावलीय त्याला हे वेगळं सांगायला नको.

बार्टोक फक्त हंगेरियन गाण्यांवर थांबला नाही हे मला सगळ्यात मोठं वाटतं. हंगेरियन सत्तावीसशेच्या आसपास, आणि रोमेनियन साडेतीन हजारांच्या आसपास, स्लोवाक तीनेक हजार. १९१३ मध्ये अल्जीरियात बिस्क्राला, १९३६ मध्ये तुर्कस्तानात. देशभक्तीच्या भरात सुरू झालं आणि माणूस शेजाऱ्यांची गाणी जास्त गोळा करून बसला.

मग कानाला फरक कसा कळणार?

सूर बघा आधी. हॉटेलातल्या हंगेरीचा ठरलेला एक स्केल आहे, आपल्या भाषेत सांगायचं तर किरवाणी घ्या आणि त्यातला मध्यम तीव्र करा, झालं. कर्नाटक संगीतवाले त्याला सिंहेंद्रमध्यमम् म्हणतात. कोमल गंधारावरून तीव्र मध्यमावर जी उडी पडते, आणि कोमल धैवतावरून शुद्ध निषादावर, तिथेच तो 'हाय रे' वाला भाव येतो.

खेड्यातली जुनी हंगेरियन गाणी मात्र पाच सुरांची. सा, कोमल ग, म, प, कोमल नी. म्हणजे आपल्या धानीचे सूर. लगेच त्याला राग म्हणू नका, सूर तेच आहेत, चलन वेगळं. ही गाणी वरून सुरू होतात आणि जिना उतरल्यासारखी खाली येतात, आणि बऱ्याचदा चार ओळींतल्या पहिल्या दोन ओळी जशा असतात तशाच पुढच्या दोन, फक्त पाच सूर खाली. 'मोर उडाला' नावाचं एक गाणं आहे, मोर कचेरीच्या छपरावर जाऊन बसतो, गरीब कैद्यांची सुटका व्हावी म्हणून, त्यावर कोदायने १९३९ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या ऑर्केस्ट्रासाठी एक मोठं काम केलं. हा जिना ऐकायचा तर ते ऐका, सुरुवातीला चाल अगदी उघडी ठेवलीय.

दुसरी खूण लयीची. हंगेरियन भाषेत प्रत्येक शब्दाचा जोर पहिल्या अक्षरावर असतो, कायम. त्यामुळे गाणं थेट समेवरच सुरू होतं, आधी उडी घ्यायला पाऊल मागे नाही. आणि तोकडं-लांब, तोकडं-लांब असा एक झटका सारखा येतो, त-डाऽ. इंग्रजी किंवा जर्मन गाण्यांच्या सवयीच्या कानाला हे उलटं वाटतं.

तिसरी गोष्ट, काही गाणी ठेक्यात, नाचाची, आणि काही बोलल्यासारखी, ठेका नाही, गाणाऱ्याच्या श्वासावर. आलापाची सवय असलेल्या आपल्या लोकांना हे समजावायला लागत नाही. ऑर्केस्ट्राला मात्र घाम फुटतो, कारण ऐंशी जणांनी एकत्र 'मनाला येईल तसं' कसं वाजवायचं?

"म्हणजे ब्राम्स आणि लिस्ट खोटे ठरले ना?"

असं बार्टोकला तरुणपणी नक्की वाटलं असेल, मला नाही वाटत. हॉटेलातलं संगीतही हंगेरीतच जन्मलं, हंगेरीतल्याच लोकांनी रचलं आणि शंभर वर्षं त्यावर हंगेरीतलेच लोक रडले-नाचले. ते खेड्यातलं नाही एवढंच. आपलं नाट्यसंगीत खेड्यातलं नाही म्हणून ते मराठी नाही असं कुणी म्हटलं तर आपण त्याला चहासुद्धा विचारणार नाही.

आणि कोदायनेच ही भिंत पाडलीय. गालांता हे गाव, कोदायच्या लहानपणाची सात वर्षं तिथे गेली, तिथला रोमा बँड त्याने ऐकलेला पहिला 'ऑर्केस्ट्रा'. १९३३ मध्ये बुडापेस्टच्या फिलहार्मोनिक सोसायटीला ऐंशी वर्षं झाली म्हणून काम मागितलं गेलं, तेव्हा त्याने खेड्यातली गाणी घेतलीच नाहीत, १८०० च्या सुमारास व्हिएन्नात छापलेल्या गालांताच्या वादकांच्या जुन्या वेरबुंकोश चाली घेतल्या. म्हणजे इतकी वर्षं खेडी पालथी घातलेला माणूस परत बँडकडे आला. पण आता कान तयार झालेला होता, त्यामुळे गुळमटपणा नाही. सुरुवातीला चेलो, मग क्लॅरिनेट एकटाच, लांबलचक, बोलल्यासारखा. नंतर एकामागून एक नाच, वेग चढत जातो, आणि अगदी शेवटी सगळं भन्नाट पळत असताना गाडी एकदम थांबते, क्लॅरिनेट पुन्हा एकटा काहीतरी पुटपुटतो, आणि मग धाडकन शेवट. पंधरा-सोळा मिनिटं. पत्रिकेतलं एकच ऐकणार असाल तर हे.

"रोमा लोक मूळचे भारतातले ना, मग हे आपलंच संगीत!"

हा मेसेज मला भावाच्या आधी कॉलेजच्या ग्रुपवर दोनदा आलेला आहे. अर्धं खरं आहे. रोमांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी भारताच्या वायव्य भागातून बाहेर पडले, आणि त्यांच्या भाषेत आजही पाण्याला पानी, कानाला कान, माणसाला मानुश आणि सुरीला चुरी म्हणतात. वाचताना अंगावर काटा येतो, मान्य.

पण कॅफेत वाजवताना ते जे वाजवत होते ते गिऱ्हाइकाच्या पसंतीचं होतं, आणि त्यातलं बरंचसं हंगेरियन जमीनदार-वकील मंडळींनी हौसेने रचलेलं होतं. बार्टोकने १९३१ मध्ये हेच ठासून लिहिलं. रोमांची स्वतःची घरातली गाणी वेगळी, ती तोंडाने ताल धरत, चमचे आणि रिकामी दुधाची किटली वाजवत म्हणतात, व्हायोलिनचा पत्ता नाही. तेव्हा तीव्र मध्यम ऐकून राजस्थान शोधायला जाऊ नका. रोमा वादकांचं श्रेय वेगळंच आहे, चाल कुणाचीही असो, ती कुठे ताणायची, कुठे हिसका द्यायचा हे त्यांनी ठरवलं, आणि युरोप भुलला तो त्यालाच.

भारताशी संबंध लावायचाच असेल तर त्यांच्या बँडमधलं चिंबालोम बघा, आपल्या संतूरच्या कुळातलं. तारांवर कापूस गुंडाळलेल्या काड्यांनी मारायचं. १८७४ मध्ये बुडापेस्टच्या शुंदा नावाच्या कारागिराने त्याला पाय आणि पेडल लावून मोठं केलं. कोदायच्या 'हारी यानोश' या रचनेत ते आहे, ज्याची सुरुवात सगळ्या ऑर्केस्ट्राच्या एका शिंकेने होते, कारण तिकडे समज असा की बोलताना कुणी शिंकलं तर ते बोलणं खरं. आपल्याकडे पाल चुकचुकली की सत्य आहे म्हणतात तसंच.

"रोमेनियन नाच हंगेरियन कार्यक्रमात कशाला?"

कारण तेव्हा ट्रान्सिल्व्हेनिया हंगेरीत होता. बार्टोकने १९१५ मध्ये पियानोसाठी हे लिहिलं तेव्हा नाव होतं 'हंगेरीतली रोमेनियन लोकनृत्यं'. पहिल्या महायुद्धानंतर १९२० च्या तहात हंगेरीचा दोन-तृतीयांश प्रदेश गेला, नाच होते तिथेच राहिले आणि सरहद्द त्यांच्यावरून पलीकडे गेली, मग नावातून हंगेरी काढलं. गालांता आज स्लोवाकियात, बार्टोकचं जन्मगाव रोमेनियात, लिस्टचं ऑस्ट्रियात. केलेरचं बार्तफा पण स्लोवाकियात. रोमेनियन गाण्यांवर काम केलं म्हणून बार्टोकला देशद्रोही ठरवणारेही त्या काळात निघाले, ते सगळीकडेच निघतात.

तुकडा सहा-सात मिनिटांचा, सहा छोटे नाच, चाली जशाच्या तशा. तिसऱ्याकडे लक्ष द्या, खाली तानपुऱ्यासारखा एकच धरलेला सूर आणि वर लहान बासरी. आणि पहिला, काठीचा नाच, बार्टोकने दोन रोमा व्हायोलिनवाल्यांकडून घेतलेला. म्हणजे 'अस्सल खेडं' आणि 'रोमा बँड' अशी स्वच्छ फाळणी त्याच्या स्वतःच्या वहीतसुद्धा होत नव्हती.

"मग मूळ गाणंच ऐकू की, ऑर्केस्ट्रा कशाला मध्ये?"

जरूर ऐका, मेणाच्या नळकांड्यांवरची खरखरीत रेकॉर्डिंग्ज ऑनलाइन सापडतात, आणि काही वेळा पुढचं सगळं त्यासमोर फिकं वाटतं. पण बार्टोकला नुसतं जपायचं नव्हतं. त्याने तीन पायऱ्या सांगितल्यात. एक, चाल आहे तशी घ्या आणि तिला साज चढवा, जसे हे रोमेनियन नाच. दोन, त्या धाटणीची चाल स्वतः रचा, १९२३ चा त्याचा 'डान्स सूट' असा आहे, त्यात एकही खरी लोकचाल नाही. तीन, चालही नाही आणि नक्कलही नाही, पण ती भाषा इतकी अंगात मुरलेली की जे बोलाल ते त्यातच निघेल, मातृभाषेसारखं. ओव्या गोळा करणारा, ओवी रचणारा, आणि ज्याच्या साध्या गद्यातही ओवीची लय येते तो, असे तिघे डोळ्यासमोर आणा.

साज चढवण्याबद्दल त्याचं एक मत मला फार पटतं. चाल जितकी साधी, तितकी तिच्याखाली विचित्र स्वरसंगत चालते. पाच सुरांची चाल म्हणजे भाकरी आहे, ठेच्याबरोबर खा, मटणाबरोबर खा, नुसत्या कांद्याबरोबर खा.

मध्यंतरानंतरचा अवघड भाग

कॉन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा म्हणजे तिसरी पायरी. सुमारे चाळीस मिनिटं, पाच भाग. १९४० मध्ये बार्टोक नाझींच्या छायेतल्या हंगेरीतून अमेरिकेला गेला, तिथे आजारी पडला, पैशाची ओढाताण, लिहिणं जवळपास थांबलेलं. १९४३ मध्ये बोस्टनच्या ऑर्केस्ट्राचा प्रमुख कुसेवित्स्की याने हे काम दिलं, डिसेंबर १९४४ मध्ये ते बोस्टनला वाजलं, आणि सप्टेंबर १९४५ मध्ये बार्टोक न्यूयॉर्कमध्येच वारला.

यात लोकगीत शोधू नका, मिळणार नाही. पण सुरुवातीला चेलो आणि बास अंधारात चाचपडल्यासारखे मध्यमाच्या अंतराने वर चढतात, ते अंतर जुन्या हंगेरियन गाण्यांतलं आहे. चौथ्या भागात ठेका सारखा बदलतो, दोन मात्रा, मग एकदम पाचाचा लंगडता गट. रूपकाची सात मात्रांची सवय असलेल्या कानाला यात अडखळायला होत नाही. त्याच भागात व्हायोला एक चाल घेतात, जीव ओतून, ती बुडापेस्टच्या एका ऑपेरेटातल्या (म्हणजे हलक्याफुलक्या संगीत नाटकातल्या) 'सुंदर आहेस हंगेरी' अशा अर्थाच्या गाण्यावर बेतलेली आहे. लोकगीत नाही, खानदानी नाही, चक्क शहरी, रंगभूमीवरचं, ज्या जातीच्या गाण्यांना बार्टोक आयुष्यभर नाकं मुरडत आला. घरापासून सात हजार किलोमीटरवर आजारपणात त्याला ते आठवलं. त्याच्यावर लगेच एक टवाळ मार्च घुसतो, ट्रॉम्बोन खी-खी हसतात, आणि मग ती चाल पुन्हा येते, हळू आवाजात. बार्टोकची शवपेटी १९८८ मध्ये बुडापेस्टला परत आणली.

टाळ्यांचं काय?

भागांच्या मध्ये टाळ्या नाहीत, पाच भाग संपेपर्यंत हात मांडीवर. कळत नसेल तर कंडक्टर लोकांकडे तोंड करेपर्यंत थांबायचं. शेवटी मात्र हंगेरीत एक प्रकार होतो, आधी सगळे आपापल्या गतीने वाजवतात आणि मग अर्ध्या मिनिटात कुणी न सांगता अख्खा हॉल एका ठेक्यात येतो, धप्, धप्, धप्. त्याला वाश्तॉप्श म्हणतात, लोखंडी टाळी. हे आपोआप कसं जुळतं यावर भौतिकशास्त्रवाल्यांनी संशोधन केलंय, २००० मध्ये छापूनही आलं.

भावाचा रात्री मेसेज आला, टाळी त्याला जमली, पण गालांताच्या त्या फसव्या थांब्याला त्याने एकट्याने दोनदा वाजवली.